दिव्यांवरची काळी पट्टी

४ तारीख, सोमवार

आज कीबोर्डमधून नख निघालं. माणसाचं. पायाच्या अंगठ्याचं असावं, इतकं जाड. 'एंटर'चं बटण रुतत होतं म्हणून कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, तर आधी बिस्किटाचा चुरा पडला, मग केस, मग ते. कागदाच्या घडीत धरून टाकून दिलं, हात साबणाने दोनदा धुतले, तरी दिवसभर एंटर दाबताना करंगळी आखडत होती.

काउंटरवरच्या ताईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अगं, जेवण झालं की ते तिथेच पाय वर घेऊन नखं कापतात. आम्ही त्या खोलीला सलून म्हणतो."

ते म्हणजे आमचे सर, स्कॅन सेंटरच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभागात ते आणि मी, एवढेच. पाठीमागे सगळे त्यांना 'चालतंय' म्हणतात, कारण काहीही विचारलं की ते "चालतंय ना?" असं उलट विचारतात. कोणाला असं पाठीमागे नाव ठेवणं मला आवडत नाही. इथे नोंद म्हणून लिहिलं.

मशीनची खोली म्हणजे या इमारतीचं जुनं बाथरूम आहे. फरशीला अजून उतार आहे आणि कोपऱ्यातल्या जाळीतून आंबूस वास येतो. एसीच्या समोर सरांची आरामखुर्ची, खुर्चीमागे बादलीत भिजत पडलेला फरशीचा फडका, आणि मध्ये ते काळं कपाट. सेंटरमध्ये आलेल्या प्रत्येकाच्या छातीची, पोटाची, डोक्याची चित्रं त्या कपाटात साठवलेली आहेत. त्याच्या डोक्यावर सरांनी खाल्लेल्या अंड्यांची टरफलं होती. मी ती गोळा केली. एकाला पिवळा बलक चिकटून वाळला होता.

घरी बाबांनी विचारलं, ऑफिस कसं आहे. म्हटलं, थंडगार आहे. बाबा खूश. "म्हणजे तुझंही कोल्ड स्टोरेजच की!"

आई-बाबा दोघं कोल्ड स्टोरेजमध्ये मासे साफ करतात. माझ्या शाळेच्या पुस्तकांत खवले निघायचे. घरात कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, म्हणून मी चढले, आणि मी स्वच्छ जागी काम करावं एवढंच त्यांचं मागणं होतं. नखाचं मी घरी बोलले नाही.

५, मंगळवार

आज बरं वाटलं. सरांनी मला माझ्या नावाचं लॉगिन दिलं. शिवाय रोज सकाळी डॉक्टर मॅडमना एक अहवाल ई-मेलने आपोआप जातो, 'डिस्क यंत्रणा: सर्व ठीक', तो आजपासून माझ्या नावाने जाईल. सेंटर मॅडमच्या मालकीचं आहे, सगळे स्कॅन त्याच वाचतात. नोकरी पक्की करायची की नाही हेही त्याच ठरवणार.

सर म्हणाले, "तुझं नाव मॅडमच्या डोळ्यांसमोर रोज राहिलं पाहिजे. मी काय, आज आहे उद्या नाही."

इतका विचार कोण करतं दुसऱ्याचा. आईला मोबाइलवर माझं छापलेलं नाव दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, मग पदराने स्क्रीन पुसली, कारण बोटाला माशाचं पाणी होतं.

७, गुरुवार

अहवालावर नाव माझं, तर निदान तपासून तरी पाहावं, म्हणून यंत्रणेचं माहितीपुस्तक काढून वाचलं. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की कंट्रोलर स्वतःच आपली प्रकृती सांगतो. कंट्रोलर म्हणजे काळ्या कपाटातल्या आठ डिस्कना एकत्र बांधून त्यांच्याकडून काम करून घेणारं कार्ड. चित्रं आठांत अशी वाटून ठेवलेली असतात की एखादी डिस्क मेली तरी बाकीच्या सात मिळून तिचा हिस्सा भरून काढतात. दुसरी मेली तर मात्र सगळंच गेलं.

ओळ टाइप केली. उत्तर आलं: 'डिग्रेडेड'. म्हणजे यंत्रणा लंगडी आहे. खालच्या यादीत तीन नंबरच्या डिस्कपुढे 'फेल्ड'.

टाइप करताना चूक झाली असेल म्हणून पुन्हा केली. तेच. सकाळीच माझ्या नावाने 'सर्व ठीक' गेलं होतं.

डिस्क मेली की कंट्रोलर बीप-बीप असं बोंबलतो आणि त्या डिस्कचा नारिंगी दिवा लागतो, असं पुस्तकात आहे. आवाज तर नाहीच. दिवे पाहायला गेले, तर दिव्यांच्या पूर्ण रांगेवर काळी चिकटपट्टी मारलेली. पट्टीच्या कडेला धूळ, केस आणि एक मेलेलं झुरळ चिकटलेलं. झुरळाला पाय तीनच उरले होते.

सरांना पट्टीचं विचारलं. खुर्चीत पडल्यापडल्याच म्हणाले, "डोळ्यांवर येतं गं ते नारिंगी." तेही खरंच. दुपारी डोळे मिटून पडलं की साधा बॅटरीचा उजेडसुद्धा टोचतो.

८, शुक्रवार

धीर करून सांगितलं. "सर, एक डिस्क बंद पडलीय."

"चित्रं दिसतात की नाही?"

"दिसतात."

"मग चालतंय ना?"

"पण सर, दुसरी गेली तर..."

"दुसरी का जाईल? शाप देतेस का?" असं म्हणून हसले. दातांत काहीतरी अडकलं होतं, ते जिभेने काढलं, बघितलं आणि पुन्हा खाल्लं.

मी बाहेर येऊन पाणी प्यायले.

रात्री जेवताना बाबांना ते आठ डिस्कचं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या टेबलावरचा एक जण आला नाही तर बाकीचे त्याचे मासे उरकतात, तसं."

"हो, पण दुसराही आला नाही तर?"

"मग काय, सडतं सगळं. पण आमचा मुकादम माणूस तरी बदलून देतो. तुमचा देत नाही?"

आई म्हणाली, "जेवताना सडलेलं काढू नका हो."

११, सोमवार

कपाट गेलंच तर चित्रांची दुसरी नक्कल कुठे आहे ते शोधलं. रोज संध्याकाळी नक्कल निघते. ती त्याच कपाटात, त्याच आठ डिस्कवर जाऊन बसते, फक्त वेगळ्या नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणजे घरची किल्ली हरवू नये म्हणून दुसरी किल्ली करून घरातच ठेवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. खूप वेळ मला हे खरं वाटेना. मग शिसारी आली. घाणीची येते तशीच.

दुपारी काउंटरवर मदतीला बसले होते. शिवणाच्या बाई पुढची तारीख घ्यायला आल्या. शाळेत शिवण शिकवतात, ब्लाउजला कायम दोन-चार टाचण्या लावलेल्या. त्यांच्या फुप्फुसात एक ठिपका आहे. दर सहा महिन्यांनी त्या येतात, मॅडम नवं चित्र जुन्या चित्रांशेजारी लावतात आणि सांगतात, "वाढलं नाही."

मला म्हणाल्या, "पोरी, त्या दोन शब्दांवर मी सहा महिने काढते बघ. जुनी चित्रं आहेत म्हणून बरं. नाहीतर मॅडम म्हणतात, सुई घालून तुकडा काढून बघावा लागेल." मग माझ्या बाहीची उसवलेली शिवण बघून, "हे काय गं? इकडे ये," म्हणून तिथेच टाचणी लावून दिली.

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

१२, मंगळवार

'सर्व ठीक' कुठून येतं ते पाहिलं. त्यात तपासणी नाहीच. कोणीतरी तेवढं एक वाक्य लिहून ठेवलंय, ते रोज सकाळी निघतं. डिस्क असोत, नसोत. कपाट जळून खाक झालं तरी माझ्या नावाने मॅडमना कळेल की सर्व ठीक.

वाक्य बदलून लिहिलं: 'सात डिस्क ठीक, एक बंद. बदलणं तातडीचं.'

अहवालातलं वाक्य बदललं की आधी सरांना कळतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी बोलावलं. ओरडले नाहीत. "मॅडम दिवसाला किती स्कॅन वाचतात? त्यांना घाबरवून हात थरथरला तर जबाबदार कोण? मी मागवतो डिस्क. तू ते वाक्य पहिल्यासारखं कर."

केलं. सर डिस्क मागवतायत म्हणजे त्यांना काळजी आहे. मीच घाई केली असेन. तरी वाक्य परत टाइप करताना तोंडात कडू पाणी आलं.

१४, गुरुवार

एक महत्त्वाची गोष्ट सापडली. कपाटावर डिस्कपुढे सरांनी आकडे चिकटवलेत, एक ते आठ. कंट्रोलर मात्र शून्य ते सात मोजतो. म्हणजे त्याची तीन नंबरची ती आपली चार नंबरची. सरांना सांगितलं. ते फोनवर होते, मान हलवली.

कंट्रोलरच्या आठवणीत जुन्या घटनाही राहतात. डिस्क मेली ती मी कामाला लागायच्या कितीतरी आधी. त्याच दिवशी, लगेच खाली: 'अलार्म बंद केला.' लॉगिन सरांचं. सरांचा पासवर्ड स्क्रीनच्या खालीच चिठ्ठीवर लिहिलेला असतो, तेव्हा कोणीही केलं असेल. सफाईवाल्यांना आवाजाचा त्रास झाला असेल. माहीत नसताना कोणावर आळ घेऊ नये.

१८, सोमवार

सगळं नीट, क्रमाने लिहायचं ठरवलंय.

सकाळी डिस्क आली. सर उत्साहात होते. यंत्र चालू ठेवूनच डिस्क बदलता येते, हे खरं आहे. बाहेर लोक बसले होते, त्यात शिवणाच्या बाई. त्यांची आजचीच तारीख होती.

मी म्हणाले, "सर, आधी कंट्रोलरला सांगून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवू या. पट्टी काढते." पट्टीला नख लावलं, तर तिचा चिकट काळा गोंद बोटांना लागला, त्यात कोणाचे तरी केस.

"राहू दे ती पट्टी. कंट्रोलर काय म्हणतो, तीन ना? आकडे मीच चिकटवलेत, मला वाचता येतात."

"सर, त्याचं तीन म्हणजे..."

"तुम्ही शिकलेल्या पोरी दहा मिनिटांचं काम दहा दिवस करता." आणि आपल्या आकड्यातली तीन नंबरची, म्हणजे धडधाकट डिस्क, ओढून बाहेर काढली.

लगेच काही झालं नाही. मग स्कॅनवाला दादा बाहेरून ओरडला, "ओ, चित्रं गेली! जुनी-नवी सगळी!"

मी ओळ टाइप केली. या वेळी 'डिग्रेडेड'सुद्धा नव्हतं. 'ऑफलाइन' होतं.

मॅडम दारात आल्या. सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू काय टाइप केलंस?"

क्षणभर मलाच वाटलं, मी काहीतरी केलं असेल. खिडकी वर सरकवून माझी एकेक ओळ पुन्हा वाचली. प्रकृती विचारण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. तोवर मॅडम परत गेल्या होत्या, बाहेर लोक चिडले होते.

सरांनी डिस्क परत खोचली. कंट्रोलर तिला आता 'परकी' म्हणायला लागला. इतकी वर्षं आठांत बसलेली डिस्क, दोन मिनिटं बाहेर गेली तर परकी. सरांनी डिस्क विकणाऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो काहीतरी चावत बोलत होता. "परकी दाखवतंय? क्लिअर मारा आणि नवीन बनवा. पाच मिनिटांत हिरवं."

"ऐकलंस? मार क्लिअर."

"सर, नवीन बनवलं तर आतलं सगळं पुसलं जाईल. परकी डिस्क परत आपल्यात घ्यायचीही एक ओळ आहे. मी वाचलंय."

"तू वाचलंस, तो रोज हेच विकतो. तुझं लॉगिन आहे, तूच टाइप कर."

सर स्वतः पुढे झाले नाहीत. हात थरथरत असतील त्यांचे. समोरच्या खिडकीत मी दोन शब्द लिहू शकत होते. एकाने पुसलं जाणार होतं, दुसऱ्याने परत येणार होतं. आणि दाराच्या फटीतून मला बाईंच्या ब्लाउजवरच्या टाचण्या दिसत होत्या.

म्हणाले, "नाही सर."

मोठ्या माणसाला मी 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही.

"मग निस्तर तूच," म्हणून ते गेले. चहाचा कप कपाटावर ठेवून गेले. त्यात माशी बुडाली होती.

आधी, परत घेतलं तर काय होईल ते नुसतं दाखवणारी ओळ टाइप केली. सात डिस्क जुळत होत्या. मग परत घ्यायची ओळ. एंटरवर करंगळी ठेवली, आणि अशा वेळी मला ते नख आठवलं. दाबलं.

'डिग्रेडेड' आलं. तो शब्द वाचून मला रडू फुटलं. लंगडी तर लंगडी, पण उभी होती. बाहेर दादा ओरडला, "आली, आली!"

मग नवी डिस्क खऱ्या जागी बसवली. तिच्यात हिस्सा हळूहळू भरायला लागला. संध्याकाळी 'ऑप्टिमल', म्हणजे आठही ठणठणीत. हा शब्द मी प्रथमच पाहिला. निघताना बाई भेटल्या. "वाढलं नाही म्हणाल्या गं!"

१९, मंगळवार

मॅडमनी बोलावलं. मला वाटलं, विचारतील. त्या म्हणाल्या, "कालचं सर निस्तरू शकले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुझ्या नेमणुकीचं नंतर बघू."

"हो मॅडम," म्हणून बाहेर आले.

सरांना घाईत नीट सांगता आलं नसेल. दुपारी त्यांनी मला बिस्किटं दिली. पुडा उघडाच होता, वरच्या बिस्किटावर त्यांच्या अंगठ्याचा ओला ठसा. मी घेतलं, बाहेर नेऊन टाकलं. खाण्याची वस्तू टाकल्याचं वाईट वाटलं, तरी टाकलं.

आई विचारत होती, पक्की झालीस का. म्हटलं, बघतायत.

२१, गुरुवार

कंट्रोलरच्या सहा नंबरच्या डिस्कच्या वाचनातल्या चुका वाढतायत. त्या दिवशी नवी भरून काढताना सगळ्यांना दिवसभर अखंड वाचावं लागलं, त्यात तिचा दम निघाला असेल. सरांना म्हटलं, एक डिस्क शिल्लक म्हणून आणून ठेवू या.

"हिरवं दाखवतंय ना?"

"दाखवतंय, पण..."

"मग चालतंय ना? आणि हे बघ, पुन्हा ते वाक्य बदललंस तर मला मॅडमना सांगावं लागेल, तुला हे काम झेपत नाही म्हणून. मला आवडेल का ते सांगायला?"

नसेलच आवडत. पण मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

घरी आई ओट्यावर मासा साफ करत होती. मी शेजारी बसून आतडी काढून दिली. हात कोपरापर्यंत भरले. मला कसलीच किळस वाटली नाही. साफ करायला घेतलेलं होतं ते.

२५, सोमवार

सहा नंबर मेली. पुन्हा 'डिग्रेडेड'. आणि माझ्या नावाने सकाळी गेलेलं: सर्व ठीक.

सर खुर्चीत होते. सांगितलं. डोळे न उघडता म्हणाले, "मागवू या. ओरडू नकोस."

मी ओरडत नव्हते. माझा आवाज दारापलीकडेही जात नाही. शाळेत 'हजर' म्हणायचे तेसुद्धा बाईंना ऐकू जायचं नाही.

जागेवर बसले. प्रकृतीची ओळ नाही, दुसरी टाइप केली. 'अलार्म चालू.' एंटर दाबताना करंगळी आखडली नाही.

पहिल्या बीपला सरांचा पाय खुर्चीवरून घसरला. आवाज एवढा मोठा असेल असं मलाही वाटलं नव्हतं. भिंतीपलीकडे बसलेले लोक बोलायचे थांबले. काउंटरवरच्या ताईने दार उघडलं, ते तसंच उघडं राहिलं. सर म्हणाले, "बंद कर ते!" मी उठले आणि कपाटावरची पट्टी एका टोकाला धरून सरळ ओढली. तिच्याबरोबर केस आले, धूळ आली, झुरळ आलं. खाली सात हिरवे दिवे आणि एक नारिंगी.

मॅडम आल्या. सर बोलायला लागले, "हिने पुन्हा काहीतरी..." बीपमध्ये त्यांचं वाक्य अर्धंअर्धं ऐकू येत होतं. मॅडमनी हाताने त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "हे कधीपासून वाजतंय?"

"वाजायला आत्ता लागलंय मॅडम. अलार्म बंद केलेला होता, मी यायच्या आधीपासून. कोणत्या लॉगिनने ते आत आहे, दाखवते. आणि 'सर्व ठीक' तपासून जात नाही. ते नुसतं जातं. माझ्या नावाने जातं."

मॅडम वाकून कपाट बघायला लागल्या. पट्टी जिथे होती तिथे त्यांचं बोट टेकलं. काळा गोंद लागला, त्यात एक केस. मग त्यांना टरफलं दिसली, माशीचा कप दिसला, खुर्चीखालची नखं दिसली. बोट अंगापासून लांब धरून त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. इतके दिवस तेच घेऊन मी घरी जातेय.

"बंद करू का मॅडम?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोट पुसलं, रुमाल खिशात परत ठेवला नाही.

"नको," म्हणाल्या. "आधी दाखव."